सी मुंजींचं टपाल

वसीला अय्यादीला त्या तेलाच्या कंपनीत घेतलं ते टेलिफोनवर बसायला. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या बंदररस्त्यावरची कंपनी, ऑलिव्हचं तेल पिंपांत भरून जहाजानं बाहेर धाडणारी. दिवसभर फोन खणखणायचे. वसीलाच्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हतं. एक इटालियन गिऱ्हाईक माल उशिरा पोचला म्हणून फोनवर ओरडायला लागलं, तर ही म्हणाली, "जहाज तुमचं उशिरा आलं. तेल काय पोहत येणार होतं?" गिऱ्हाईक बिथरलं, मालकांपर्यंत तक्रार गेली, आणि वसीलाला घरी पाठवायचं ठरलं.

तेव्हा निर्यात खात्याचे प्रमुख मुंजी सल्लामी मध्ये पडले, सगळ्यांचे 'सी मुंजी', म्हणजे मुंजीसाहेब. उंच, कडक इस्त्रीतला माणूस. आख्खी कंपनी त्यांना वचकून असायची. ते मालकांना म्हणाले, "पोरीचं डोकं चांगलं आहे, जीभ तेवढी वाईट. हिला माणसांपासून लांब ठेवा आणि कॉम्प्युटरजवळ बसवा. त्यांना शिव्या लागत नाहीत."

अशी ती मागच्या अंगाच्या, बिनखिडकीच्या खोलीत गेली आणि तिथेच रुजली. आधी टंकलेखन, मग कॉम्प्युटर, आणि कंपनीनं स्वतःचा मेल सर्व्हर घेतला तेव्हा तो सांभाळणं. कुणाचं पत्र अडकलं, कुणी पासवर्ड विसरला, कुणाची पेटी भरली, सगळं वसीलाकडे. लोक तिला टरकून असत, पण काम अडलं की तिच्याच दारात येत. "सकाळपासून मेल येत नाही," असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता विचारी, "कुणी पाठवलंय का तुला?"

लग्न ठरलं होतं एकदा. होणाऱ्या सासूनं जेवताना विचारलं, कुसकुस कसा झालाय. वसीलानं सांगितलं. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. तिची आई केर्केना बेटावर राहायची, थोरल्या मुलाकडे. वसीला दर महिन्याला बोटीनं जाऊन तिला भेटून यायची, येताना वाळवलेलं ऑक्टोपस घेऊन यायची. बाकी तिची निळी मोपेड, तिची खोली आणि तिचा सर्व्हर. तिला काही कमी आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि वाटत असलं तरी ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

सी मुंजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते तिच्या खोलीत डोकावले होते. "माझी मेलची पेटी इतक्यात बंद करू नकोस. जुनी माणसं लिहितात अधूनमधून." वसीला बरं म्हणाली. पुढे नवे डायरेक्टर आले, सी अनीस, ट्युनिसहून आलेला तरणा माणूस. नव्या पद्धती आल्या, आणि ती पेटी तशीच राहून गेली.

गोष्ट घडली ती ऑलिव्हच्या हंगामात. घाण्यांवर रात्रंदिवस काम चाललेलं, शहरभर ताज्या तेलाचा उग्र वास, बंदरात जहाजं खोळंबलेली. नेमका तेव्हाच सर्व्हर धापा टाकायला लागला. सकाळी लोक येऊन बसत, तासाभरात मेल उघडेनाशी होई. पाठवलेलं पत्र जागचं हलत नसे. वसीला बघे तर प्रोसेसर पार वरच्या टोकाला टेकलेला, आणि पंखा असा घोंघावत असलेला की शेजारच्या खोलीतली हिशेबाची माणसं दार लावून घेत. ती सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करी. थोडा वेळ गप्प. मग परत तेच. दुपारच्या जेवणानंतर मात्र तो आपोआप निवे, जणू काही झालंच नाही.

पहिला संशय तिनं व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर घेतला. प्रत्येक पत्र उघडून हुंगणारा तो प्रोग्रॅम नुकताच नवा करून घेतला होता. तिनं त्याला सर्व्हरच्या आतल्या काही जागा वगळायला लावल्या. प्रोसेसर जरा खाली आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मग तिला वाटलं, सगळ्या पत्रांची नक्कल काढून ठेवायचं काम चुकून सकाळी चालत असेल. ते तिनं पहाटेवर ढकललं. काही फरक नाही. मग ज्यांच्या पेट्या वर्षानुवर्षं फुगल्या होत्या त्यांच्या टेबलापाशी ती स्वतः गेली. "हे लग्नाचे फोटो इथे कशाला? काढ. आणि तुझ्या मेव्हण्याचे विनोद? ते आधी काढ, ते विनोदही नाहीत." पेट्या हलक्या झाल्या. सर्व्हर तसाच.

सी अनीस खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "वसीला, मार्सेयचं गिऱ्हाईक विचारतंय, आमच्या मेलला उत्तर का नाही. मी त्याला काय सांगू?"

"सांगा की शोधतेय."

"नवीन सर्व्हर घेऊ या का? हा म्हातारा झालाय."

"म्हातारा झाला असता तर दिवसभर दमला असता," वसीला म्हणाली. "हा फक्त सकाळी दमतो. याला कुणीतरी दमवतंय."

रविवारी कंपनी बंद. वसीला मोपेडवरून आली, रिकाम्या इमारतीचं कुलूप उघडून आपल्या खोलीत जाऊन बसली. सोबत पावात मिरचीचा हरिसा आणि मासा. टेबलांवर माणूस नाही, कुणी मेल पाठवत नाही, वाचत नाही. सर्व्हर शांत पेंगत होता. आणि सकाळ थोडी वर आली तशी पंख्याची घरघर वाढली. बघता बघता प्रोसेसर टोकाला. वसीला पाव बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढून बसली. कंपनीतलं कुणी नाही, म्हणजे बाहेरचं कुणी. तिनं बाहेरून जोडलेल्या फोनांची नावं काढली. विक्रीवाल्यांचे फोन होते, सी अनीसांचा होता, सगळे निवांत. आणि एक फोन असा, की बाकी सगळ्यांनी मिळून जेवढं मागितलं नसेल तेवढं तो एकटा मागत होता. कॅलेंडरमधली एकच नोंद तो सर्व्हरला देऊ पाहत होता. ती नोंद सर्व्हरला घेता येत नव्हती. सर्व्हर आख्खं कॅलेंडर उलगडून बघे, जमत नाही म्हणून परत पाठवी, आणि फोन श्वासही न घेता तीच नोंद पुन्हा पुढे करी. सकाळभर हेच.

फोनच्या पुढे नाव होतं: मुंजी सल्लामी.

"अरे देवा," वसीला स्वतःशीच म्हणाली. "तुम्ही होय."

तिनं फार विचार केला नाही. निवृत्त माणसाची पेटी, कधीच बंद व्हायला हवी होती. तिनं तो फोन अडवला, पेटीला कुलूप लावलं. प्रोसेसर खाली आला. पंखा इतका हळू झाला की बाहेर कबुतरं घुमताहेत ते तिला ऐकू आलं. तिनं उरलेला पाव खाल्ला आणि घरी गेली.

सोमवारी सगळे खुश. सी अनीसांनी सगळ्यांसाठी खजूर भरलेले, पाकातले मकरूद मागवले, आणि पहिला वसीलाच्या पुढे धरला. ती म्हणाली, "पाक कमी आहे," आणि दोन खाल्ले.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. वसीला बाहेर आली. फाटकापाशी सी मुंजी उभे होते. काळा सूट, टाय, डोक्यावर लाल शेशिया टोपी, सगळं कसं जिथल्या तिथे. आणि पायांत न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या सपाता. फाटकावरचा रिधा नवा माणूस, त्यानं हात आडवा धरला होता.

"हाजी, आधी सांगा तरी कुणाला भेटायचंय!"

"कुणाला भेटायचंय? मला विचारतोस? अरे, मी इथे आलो तेव्हा तुझा बाप शाळेत जात असेल! बाजूला हो. मार्सेयची पत्रं आलेली असणार आणि मला एकही मिळालेलं नाही!"

"हात खाली कर, रिधा," वसीला ओरडली.

सी मुंजींनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. "वसीला! बरं झालं, तू तरी आहेस. अगं, माझं टपाल कुठे अडकलंय?"

सी अनीसही वरून उतरून आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "कोण आहेत हे?"

"यांच्यामुळे तुमची खुर्ची आहे," वसीला म्हणाली. "त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो ना? यांच्या वेळेपासूनचा डुगडुगतो." आणि ती सी मुंजींचा हात धरून त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेली.

तिनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी आणली. त्यांनी फोन तिच्या हातात ठेवला, डॉक्टरच्या हातात दुखरा हात द्यावा तसा. तिनं कॅलेंडर उघडलं. हंगामाची बैठक. रोज सकाळी, शेवटाची तारीख नाही. आणि बोलावलेल्यांची नावं संपता संपेनात. घाण्यांचे मालक, बागायतदार, बंदरावरचे दलाल, गोदामातली माणसं. तेच नाव पुन्हा, आणि पुन्हा. बोलावलंय हे विसरून त्यांनी रोज सकाळी प्रत्येकाला नव्यानं बोलावलं होतं. ती नोंद इतकी वाढली होती की सर्व्हरला ती पेलत नव्हती. नावं वाचता वाचता वसीलाचं बोट थबकायला लागलं. यातल्या कितीतरी जणांच्या जनाज्याला ती स्वतः गेली होती.

"बैठकीला कुणी येतच नाही," सी मुंजी म्हणाले. "मी तयार होऊन बसतो. सगळे आळशी झालेत."

वसीलाला गोडगोड बोलता यायचं नाही. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "सी मुंजी, तुम्ही निवृत्त झालात. पुष्कळ दिवस झाले. तुमचा फोन मीच अडवला."

कपाची कड त्यांनी बोटानं पुसली. "हो," ते म्हणाले. "हो, मला माहीत आहे." मग त्यांनी कॉफी संपवली, टाय नीट केला आणि कामाच्या आवाजात म्हणाले, "बरं, आता सांग, माझं टपाल कुठे अडकलंय?"

खरं सांगून झालं होतं, आणि ते कुठेच पोचलं नव्हतं. असं तिच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. तिनं बोललेलं लोकांना वर्षानुवर्षं लक्षात राहायचं.

तिनं त्यांना मोपेडवर मागे बसवलं. सुटाबुटातला, खरं तर सूट-सपातांतला म्हातारा एका हातानं शेशिया धरून आणि दुसऱ्यानं तिचा खांदा धरून ग्रेमदा रस्त्यानं निघाला. रस्ता ते स्वतःच सांगत होते, एकदाही चुकले नाहीत. "इथे हळू, शाळा आहे. आता डावीकडे. इंडिकेटर दे की, बाई!"

बदामांच्या झाडांमागच्या घरापुढे त्यांची बायको, लल्ला दौजा म्हणजे दौजाबाई, रस्त्यावर उभी होती. पांघरायची सफसारी अर्धी खांद्यावर, अर्धी धुळीत. मोपेड बघताच ती धावली आणि नवऱ्याला आधी मिठी मारायची की झापायचं हे तिला ठरवता येईना. तिनं दोन्ही केलं.

त्यांना आत नेऊन बसवल्यावर ती वसीलाला म्हणाली, "रविवारपासून फोन गप्प आहे. तो वाजत होता तोवर बरं होतं. नाश्ता केला की हा खिडकीत फोन घेऊन बसायचा, लिहायचा, वाचायचा. कुणाची उत्तरं यायची नाहीत, पण कसल्या कसल्या सूचना यायच्या, टिंग टिंग वाजायचं. याला वाटायचं काम चाललंय. दुपारी फोन बंद करून जेवायचा, झोपायचा. आता सकाळ झाली की दार. मी कुलूप लावलं तर भिंतीवरून जायला बघतो. या वयात! कुणी बंद केलं गं ते?"

"मी," वसीला म्हणाली.

"तू? का?"

"सर्व्हर तापत होता."

"सर्व्हर तापत होता!" लल्ला दौजानं कमरेवर हात ठेवले. "आणि माझं घर? ते गार होतं का?"

मग लल्ला दौजाच निवली, आणि तिनं बळेच तिच्या पुढे भाकरी, तेल आणि अंजिरं ठेवली. माणूस घरात आला की त्याला न खाता जाऊ द्यायचं तिला ठाऊकच नव्हतं.

वसीला परत आली ती तडक सी अनीसांच्या खोलीत. बसली नाही. "मला सी मुंजींची पेटी उघडायचीय. ती बैठक काढून टाकते, सर्व्हरला त्रास होणार नाही. बाकी पेटी राहू दे."

सी अनीसांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "वसंतात मार्सेयला एक पत्र गेलं होतं, आठवतं? आपल्या नावानं, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या भावात तेल देऊ केलेलं. ते लोक अडून बसले होते की हाच भाव पक्का. मी माफी मागून मागून थकलो. ते कुणी पाठवलं हे आपण तेव्हा शोधलंच नाही. आता कळतंय."

वसीलाला आठवलं. तिनं स्वतः तेव्हा शोधायला हवं होतं, आणि हंगाम नाही म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

"माझी आजी शेवटी शेवटी मला माझ्या आजोबांच्या नावानं हाक मारायची," सी अनीस म्हणाले. "मी ओ द्यायचो. त्यात काही वाईट नाही. पण तिच्या हातात कंपनीची सही नव्हती. ही पेटी उघडता येणार नाही, वसीला. दुसरं काही करता येत असेल तर कर, वेळ लागला तर घे. फक्त आपल्या नावावर नको."

वसीला भांडायच्या तयारीनं गेली होती. माणूस बरोबर बोलत होता, आणि तिला ते दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि बाहेर पडली. तिनं एका शब्दात ऐकलं म्हणून सी अनीस कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले.

शनिवारी दुपारी ती ग्रेमदा रस्त्याला गेली. सी मुंजी झोपले होते. स्वयंपाकघरात, मटार सोलत बसलेल्या लल्ला दौजाच्या शेजारी बसून तिनं फोनवर बाहेरची, फुकट मिळणारी नवी पेटी उघडली. मग त्या बैठकीतली नावं एकेक करून वाचायला घेतली.

"हा?"

"गेला. देव त्याला दया दाखवो."

"हा?"

"गेला."

"हा बंदरावरचा?"

"तो मुलाकडे फ्रान्सला. जिवंत आहे, पण काही लिहीत नाही. त्याला लिहायला लाव."

"सालेह बू असीदा, गोदामवाला?"

लल्ला दौजाचा मटार हातातच राहिला. "जिवंत आहे. महरेसला असतो. पण ते दोघं भांडलेत. बोलत नाहीत कधीपासून."

"भांडलेले चालतील," वसीला म्हणाली.

तिनं त्याच संध्याकाळी अम्म सालेहला, म्हणजे सालेहकाकाला, फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून आवाज फुटला. "त्या माणसाला मी पत्र लिहू? तो भर गोदामात, हमालांच्या देखत, मला पिंपं चोरतो म्हणाला होता! माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही!"

"मग तेच लिहा."

"काय?"

"हेच. जे आत्ता मला सांगितलंत. त्यांना सहानुभूतीची पत्रं नकोत, त्यांना कामाची पत्रं हवीत. भांडण हे कामच आहे."

अम्म सालेहनं लिहिलं. एका बोटानं, नातवंडांना हाकलून, आख्खी दुपार खर्चून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सी मुंजींचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, ताडकन उठले, पुन्हा बसले आणि उत्तर लिहायला घेतलं. पिंपं कुठल्या रांगेत होती, झाकणं कुणी मोजली, पाऊस कुठून आत आला, सगळं त्यांना काल घडल्यासारखं आठवत होतं. काल काय घडलं ते तेवढं आठवत नव्हतं. अम्म सालेहनं प्रत्युत्तर दिलं. मग रोज. तेच भांडण, त्याच पिंपांवरून. सी मुंजींना ते दररोज नवं असे, आणि अम्म सालेहला, त्यानंच पुढे कबूल केलं, दररोज थोडं जास्त आवडायला लागलं होतं.

"सकाळी फोन वाजतो," लल्ला दौजा फोनवर वसीलाला सांगायची, "आणि हा शिव्या देत बसतो. घर कसं भरल्यासारखं वाटतं बघ."

फ्रान्सचा दलाल लिहायला लागला. मालकांची जुनी सेक्रेटरी लिहायला लागली. आणि वसीला. तिच्यापुढे मोठीच अडचण होती. सी मुंजी तिला विचारायचे, मार्सेयचं जहाज सुटलं का, नमुन्याच्या बाटल्या तपासल्या का. खोटं लिहायला तिचा हात वळायचा नाही. मग ती कामावरून सुटल्यावर मोपेड बंदराकडे वळवी, धक्क्यावर कुठलं जहाज लागलंय ते बघे, आणि दुसऱ्या दिवशी लिही: "आज धक्क्यावर एक माल्टाचं जहाज आहे. वारा पूर्वेचा, बोटी निघाल्या नाहीत. तेल यंदा कडवट आहे पण लोक म्हणतात चांगलं कडवट." बाटल्यांचं विचारलं की प्रयोगशाळेत जाऊन सांगे, "सी मुंजी विचारताहेत, नमुने तपासले का?" तिथली बाई आधी हसायची. पुढे पुढे ती न हसता सांगायला लागली, "सांग त्यांना, तपासले. आंबटपणा कमी आहे." तेही ती लिही.

वसंत आला तेव्हा एका दुपारी वसीला त्यांच्याकडे गेली होती. बदाम फुलून गेले होते, झाडांखाली पाकळ्या गळून पडलेल्या. सी मुंजी अंगणात खुर्चीवर बसले होते, फोन मांडीवर. त्या दिवशी त्यांची नजर स्वच्छ होती.

"वसीला, ही पत्रं ऑफिसातून येत नाहीत ना?"

"नाही."

"वाटलंच मला. ऑफिसनं इतक्या लवकर कधी उत्तर दिलेलं नाही." ते हसले, खांदे हलवत, आवाज न करता, जुन्या दिवसांसारखे. मग म्हणाले, "माझी नोकरी संपली?"

"संपली."

"मी काम चांगलं केलं का गं?"

"बहुतेक वेळा. त्या जेनोआच्या करारात घोटाळा केलात."

"तो घोटाळा सालेहचा होता!"

"त्यांना लिहा तसं."

"लिहितो," म्हणाले आणि तिथेच लिहायला बसले. थोड्या वेळानं मान वर करून, जणू पहिल्यांदाच बघतोय असं तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्याशी बोलायला बरं वाटतं. तू माणसाला आजारी धरत नाहीस." वसीला मोपेडवरून घरी निघाली आणि बाब दिवानच्या वेशीपाशी तिला थांबावं लागलं, कारण समोरचं दिसेना. शेजारून जाणाऱ्या टॅक्सीवाल्यानं विचारलं, "काय झालं, बहिणी?" तर ती म्हणाली, "तुझ्या गाडीचा धूर."

उन्हाळ्यात पत्रं आखूड झाली. मग दोन-दोन शब्दांची. पुढे सी मुंजींकडून कोऱ्या मेल यायला लागल्या, आत काही नाही, वर नाव नाही. अम्म सालेह कोऱ्या मेललाही उत्तर द्यायचा: "हे तुझ्याकडचं उत्तर? म्हणजे पिंपांचं तू मान्य केलंस." मग कोऱ्या मेलही थांबल्या, आणि एक दिवस अम्म सालेह स्वतःच महरेसहून भाड्याच्या गाडीतून आला. हातात स्वतःच्या झाडांच्या तेलाचा डबा. वसीला त्याला नाक्यावरून घेऊन घरी गेली.

सी मुंजी खिडकीत बसले होते. पाहुणा आलेला पाहून ते उठले. छातीवर हात ठेवून झुकले, आपली खुर्ची त्याला दिली, लल्ला दौजाला कॉफी सांगितली. "आपण लांबून आलात का? प्रवास नीट झाला ना?" फार अदबीनं बोलले. अम्म सालेह खुर्चीच्या टोकावर बसून कॉफी प्यायला. सी मुंजींनी तेलाचा डबा उघडायला लावला, बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "चांगलं आहे. कुणाच्या झाडांचं?"

"माझ्या," अम्म सालेह म्हणाला.

"आपण भला माणूस दिसता," सी मुंजी म्हणाले.

बाहेर आल्यावर अम्म सालेह फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. मोठा, रुंद छातीचा म्हातारा, पिंपं उचलून उचलून वाकलेला. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "मला भला माणूस म्हणाला गं! त्यानं मला एक शिवीसुद्धा दिली नाही."

वसीलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी येईपर्यंत तो काढला नाही.

त्याच शरदात कंपनीनं मेल बाहेरच्या भाड्याच्या सेवेकडे सोपवली. सर्व्हर उचलून नेला, वसीलाच्या खोलीतला तो घोंघावणारा पंखा गेला. सी अनीसांनी तिला वरच्या मजल्यावर, खिडकीचं टेबल दिलं. तिला सुरुवातीला तिथे शांततेनं डोकं दुखायचं. दुपारी ती खालच्या रिकाम्या खोलीत जाऊन कॉफी प्यायची.

एका गुरुवारी ती ग्रेमदा रस्त्याला गेली तर लल्ला दौजा चष्मा लावून फोन हातात घेऊन बसली होती. सी मुंजी शेजारच्या पलंगावर झोपले होते.

"ये. मला शिकव हे."

"कशाला?"

"सालेहची रोज पत्रं येताहेत. हा काही लिहीत नाही. तो म्हातारा तिकडे काळजी करून मरेल. अक्षर कुठे दाबायचं ते सांग फक्त, वाचता मला येतं."

वसीला तिच्याशेजारी बसली. लल्ला दौजानं बोट उगारलं, एक अक्षर दाबलं, चुकलं, पुसलं, पुन्हा दाबलं. बराच वेळ लागला. वसीलानं मध्ये बोट घालायचं टाळलं, ते तिला अवघड गेलं. शेवटी लल्ला दौजानं फोन लांब धरून मोठ्यानं वाचलं: "आज तो शांत आहे. दोन अंजिरं खाल्ली. तू जेवलास का?"

"नाव घाला खाली," वसीला म्हणाली. "नाहीतर त्यांना वाटेल, सी मुंजी सुधारले."

लल्ला दौजा हसली, आणि तिनं आपलं नाव लिहायला घेतलं.